ओल्ड वॉर्डनचें विमानक

तीर्थयात्रेस निघालेला मनुष्य नदी, देऊळ किंवा समाधि पाहावयास जातो. विलायतेस निघालेला मनुष्य राजवाडे, पूल आणि ग्रंथालयें पाहावयास जातो. या दोन्ही यादींत सहसा न सांपडणारें एक ठिकाण इंग्लंडांतील बेडफर्डशायर परगण्यांत आहे. ओल्ड वॉर्डन हें त्याचें नांव. गांव अगदीं लहान. गवतानें शाकारलेलीं टुमदार घरें, एक जुनें प्रार्थनामंदिर, वळणावळणाचा रस्ता आणि दोहों बाजूंस शेतें, एवढाच त्याचा विस्तार. परंतु या गांवाच्या कडेला एक विस्तीर्ण हिरवें कुरण आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीं बांधलेलीं विमानें त्या कुरणावरून आजहि आकाशांत चढतात. जुन्या आगगाड्या, तोफा आणि यंत्रें जपून ठेवणारीं संग्रहालयें पुष्कळ आहेत. परंतु तेथील वस्तु कांचेआड निजलेल्या असतात. येथील वस्तु जाग्या आहेत, आणि हाच या स्थानाचा विशेष होय.

माझा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त बेडफर्ड शहरीं राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गेल्या उन्हाळ्यांत तिकडे चार महिने होतों. ओल्ड वॉर्डन तेथून मोटारीनें अर्ध्या तासाच्या आंत येतें. त्या मुदतींत मीं हें ठिकाण पांच वेळां पाहिलें. वाचकांस त्याची माहिती व्हावी, आणि तेथें घडलेली एक लहानशी, पण आमच्या कुटुंबास मोठी वाटणारी गोष्ट सांगावी, एवढ्याचसाठीं हा लेख.

या जागेचा इतिहास एका घराण्याशीं निगडित आहे. लिंकन शहरांत 'क्लेटन अँड शटलवर्थ' या नांवाचा, वाफेचीं इंजिनें व मळणीयंत्रें करणारा प्रसिद्ध कारखाना होता. त्यांतील शटलवर्थ घराण्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओल्ड वॉर्डनची जमीन घेऊन तेथें मोठा वाडा बांधला. पहिल्या महायुद्धांत सरकारला विमानें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां याच कारखान्यानें मळणीयंत्रांच्या जोडीला सॉपविथ कंपनीच्या नमुन्याचीं लढाऊ विमानेंहि बांधून दिलीं. या घराण्याचा एकुलता वारस रिचर्ड ऑर्मंड शटलवर्थ १९०९ सालीं जन्मला. त्याच सालीं ब्लेरियो या फ्रेंच गृहस्थानें विमानांतून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वडील मुलाच्या लहानपणींच वारले. आईनें त्याला वाढविलें. पुढें तो मोटारींच्या शर्यतींत नांवाजला. १९३५ सालीं डॉनिंग्टन येथील मोठी शर्यत त्यानें जिंकली. विमानांचा नाद तर त्याहून अधिक. १९३३ सालीं 'काँपर स्विफ्ट' जातीच्या चिमुकल्या एकासनी विमानांतून तो इंग्लंडाहून थेट हिंदुस्थानांत उडत आला. दिल्लीस व्हाइसरॉयच्या चषकासाठीं विमानांची शर्यत होती, तीत त्याला उतरावयाचें होतें. परंतु त्याचा खरा जीव जुन्या विमानांवर. लोक अडगळ म्हणून कोठाराच्या कोपऱ्यांत टाकून देत, तीं विमानें तो विकत घेई, दुरुस्त करी आणि स्वतः उडवी.

दुसऱ्या महायुद्धांत तो विमानदळांत दाखल झाला. २ ऑगस्ट १९४० रोजीं, रात्रीच्या उड्डाणाचा सराव करीत असतां, त्याचें विमान कोसळलें आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. घरांत मागें राहिली एकटी आई. १९४४ सालीं त्या माउलीनें मुलाच्या स्मरणार्थ सर्व मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली. उद्देश दोन ठरविले: शेतीचें शिक्षण आणि विमानविद्येचें शिक्षण. वाड्यांत शेतकीचें विद्यालय निघालें, आणि मुलानें जमविलेलीं विमानें मोडींत न जातां सांभाळलीं गेलीं. एकुलता पुत्र गेल्यावर त्याच्या खोलीला कुलूप लावून बसणारीं घरें आपण पाहिलीं आहेत. या बाईनें खोलीचें दार सर्वांसाठीं उघडलें. विमानानेंच आपला मुलगा नेला असतां विमानांचेंच जतन करावयाचें, यास किती मोठें मन लागलें असेल!

आंत शिरतांच विमानशाळांची रांग लागते. ब्लेरियोच्या नमुन्याचें १९०९ सालचें मूळ विमान येथें आहे. सायकलीचीं चाकें, वेळूसारखे दांडे, ताणलेल्या तारा आणि अर्धें उघडें धड, असें त्याचें रूप. वारा अगदीं पडलेला असेल अशाच संध्याकाळीं तें बाहेर काढतात, आणि तें सरळ रेषेंत थोड्याशा उंचीवर उडून पुन्हां गवतावर टेकतें. त्याला याहून अधिक श्रम देत नाहींत. घरांतील वृद्ध आजोबांना सायंकाळीं अंगणांत चार पावलें फिरवून आणावें, तसाच हा प्रकार.

पहिल्या महायुद्धांतील 'सॉपविथ पप' उडतांना पाहिलें, तेव्हां मला एका परिचित वासानें चकित केलें. या विमानाच्या इंजिनांत पंख्याबरोबर सगळें इंजिनच गरगर फिरतें. त्याला लागणारें वंगण म्हणजे शुद्ध एरंडेल. कारण पेट्रोलांत तें सहज विरघळत नाहीं. विमान उडालें कीं जळलेल्या एरंडेलाचा धूर कुरणभर पसरतो. लहानपणीं रविवारच्या सकाळीं आईनें नाक धरून पाजलेलें एरंडेल ज्यांस आठवत असेल, त्यांस या वीरांच्या हालांची कल्पना येईल. कारण उघड्या आसनावर बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर तोच धूर येत असे. एरंडीचें सर्वांत मोठें पीक आजहि आपल्याच देशांत निघतें, हें सांगितल्यावर तेथील एका वृद्ध स्वयंसेवकानें माझ्याकडे नव्या आदरानें पाहिलें.

तिघां पंखांचें 'सॉपविथ ट्रायप्लेन' येथें आहे, त्याची कथा आमच्यासारख्या व्याकरण शिकलेल्या मनुष्यास विशेष गोड वाटेल. यॉर्कशायरमधील हौशी कारागिरांच्या एका मंडळीनें तें अनेक वर्षें खपून अगदीं मूळच्या रीतीनें बांधलें. तें मूळ कारखान्यांतून निघालेलें नसल्यामुळें त्यास प्रतिकृति म्हणणें ओघानेंच आलें. परंतु त्या वेळीं विमानाचे मूळ उत्पादक सर टॉमस सॉपविथ हयात होते. १८८८ सालीं जन्मलेले हे गृहस्थ १९८९ पर्यंत जगले. त्यांनीं असा निर्णय दिला कीं, ही नक्कल नव्हे. हें आमचेंच, पण उशिरां बाहेर पडलेलें विमान समजावें. पाणिनीनें प्रतिकृतीच्या अर्थीं 'क' हा प्रत्यय सांगितला आहे. अश्वाची प्रतिकृति तो 'अश्वक'. त्या न्यायानें हें विमान 'विमानक' ठरलें असतें. परंतु सॉपविथसाहेबांनीं स्वतःच्या अधिकारांत त्या 'क'चा लोप केला!

येथेंच लाल रंगाचें एक काँपर स्विफ्ट उभें आहे. तें एके काळीं हिंदुस्थानांतील एका चहामळेवाल्याच्या मालकीचें होतें, आणि १९३३ सालच्या त्याच दिल्लीच्या शर्यतींत तें उतरलें होतें. त्याच्या शेजारून जातांना आपल्याकडील धूळ त्याच्या चाकांस अजून लागलेली असेल, असें उगाच वाटतें. 'एस. ई. ५ ए' या प्रख्यात लढाऊ विमानाचा एक मूळ नमुनाहि येथें उडतो. त्यानें युद्धसमाप्तीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १० नोव्हेंबर १९१८ रोजीं, शत्रूचें विमान पाडलें. आणि शांततेच्या काळांत त्यानेंच आकाशांत धुरानें जाहिरातींचीं अक्षरें लिहून पोट भरलें. याच जातीच्या विमानांतून इंद्रलाल रॉय हा बंगाली तरुण लढला. १९१८ च्या जुलैंत पंधरा दिवसांच्या आंत त्यानें दहा विजय मिळविले, आणि २२ जुलै रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो रणांगणांत पडला.

रॉयचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच उन्हाळ्यांत पडलेल्या मुंबईच्या एका तरुणाचें नांव आपल्या घरांत कितीकांस ठाऊक असेल? श्रीकृष्ण चुंदा वेलिणकर हें तें नांव. ब्रिटिश विमानदळाच्या २३ व्या तुकडींत ते लेफ्टनंट होते. २७ जून १९१८ रोजीं गस्तीवर गेलेलें त्यांचें विमान परत आलें नाहीं. जखमी अवस्थेंत ते जर्मनांच्या हातीं लागले, आणि तीन दिवसांनीं, ३० जून रोजीं, त्यांचें देहावसान झालें. जर्मनांनीं त्यांस पुरून वर नांव लिहिलें खरें, पण तें नांव इतकें बिघडलें होतें कीं त्यावरून ओळख पटण्यास युद्धानंतर कांहीं वर्षें जावीं लागलीं. आज फ्रान्समध्यें हांगार येथील युद्धस्मशानांत त्यांची समाधि आहे. आडनांवाचीं दोन अक्षरें चुकल्यानें एका घराला आपला मुलगा कोठें निजला आहे हें इतका काळ कळूं नये, या गोष्टीचा ज्यानें जन्मभर मुलांचें शुद्धलेखन तपासलें त्याच्या मनावर काय परिणाम झाला असेल, तो वाचकांनींच ताडावा.

वेलिणकर ज्या जातीचें विमान उडवीत त्याचें नांव 'सॉपविथ डॉल्फिन'. ओल्ड वॉर्डनच्या संग्रहांत तें नाहीं. लंडनच्या हेंडन भागांतील विमानदळाच्या संग्रहालयांत मूळ अवशेषांवरून उभें केलेलें एक डॉल्फिन आहे, परंतु तें उडत नाहीं. आणि म्हणूनच माझ्या पुतण्यानें तें स्वतः बांधावयाचें मनांत घेतलें; मनुष्य बसेल एवढें नव्हे, परंतु मूळच्या एकचतुर्थांश मापाचें, खरोखर उडणारें.

आम्ही बेडफर्डास पोहोंचलों, तेव्हां त्या कामाचा तिसरा हिवाळा नुकताच सरला होता. मोटार बाहेर पावसांत उभी असे आणि मोटारीची जागा विमानानें बळकावली होती. सूनबाई म्हणाली, "काका, तुम्ही तरी यांना सांगा. तीन वर्षें झालीं, या घरांत सरस आणि भुसा यांशिवाय दुसरा वास नाहीं." मीं सांगावयाचें ठरवून आंत गेलों, पण तेथील काम पाहून माझी जीभच उचलेना.

मूळ डॉल्फिनचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत ३२ फूट ६ इंच. यानें बांधलेलें ८ फूट दीड इंच. मूळ विमानांत नवल असें कीं वरचा पंख खालच्यापेक्षां किंचित मागें आहे, आणि वैमानिकाचें डोकें वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटींतून बाहेर निघतें. त्यामुळें त्याला वरचें सगळें आकाश दिसे. परंतु विमान उतरतांना उलटें झालें, तर प्रथम आघात त्याच्या डोक्यावर व मानेवरच होणार, हें भय त्या वेळच्या वैमानिकांस सदैव असे. लहान विमानांतहि पुतण्यानें ती चौकट तशीच ठेवली होती, आणि तींतून एका बाहुल्याचें शिर बाहेर डोकावत होतें. त्याचा चेहरा माझ्या नातीनें रंगविला होता. बाजारांत मिळणाऱ्या बाहुल्या गोऱ्या असतात. हिनें त्याला गव्हाळ वर्ण दिला, आणि डोळे काळे केले.

माप चौथाई केलें म्हणजे सर्वच चौथाई होतें, असा समज सहज होतो. पुतण्यानें मला फळ्यावर गणित मांडून दाखविलें. लांबी चौथाई झाली कीं पंखांचें क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतें, आणि वजन चौसष्टावा. मूळ विमान शस्त्रें व वैमानिकासह सुमारें दोन हजार पौंडांचें; म्हणजे हें चौदा किलोच्या आसपास यावयास पाहिजे. वजन चौसष्टावा व पंख सोळावा, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर भार पडतो तो चौथाई. आणि भार चौथाई झाला कीं हवेंत तरण्यास लागणारा वेग निम्मा पुरतो. मूळ विमान ताशीं १२० मैलांनीं जात असेल, तर हें ६० मैलांनीं गेलें म्हणजे त्याचें उड्डाण डोळ्यांस खरें दिसतें. यापेक्षां जड झालें, तर तेवढा वेग वाढवावा लागतो, आणि तें माशीसारखें घोंघावत जातें. "काका, लहान विमानांत लबाडी ओळखावयाची ती वजनावरून," असें तो म्हणे.

या वजनाचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे शेपटी. डॉल्फिनचें नाक आंखूड. गुरुत्वमध्य पंखांखालीं ठरलेल्या जागीं आला नाहीं, तर विमान उडतांच नाक वर करून घसरतें. शेपटीकडे एक तोळा वाढला, कीं त्याचा तोल राखण्यास नाकाशीं त्याच्या कित्येक पट शिसें घालावें लागतें. म्हणून शेपटीचा सांगाडा बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लाकडाचा, आणि जेथें ताण येतो तेथील वांसे स्प्रूसचे, पंखांच्या फासळ्या पातळ प्लायवुडच्या. सगळे भाग सपाट तक्त्यावर खिळ्यांनीं रोखून मगच सरसानें जोडावयाचे. कारण पंखास एक अंशाचा पीळ राहिला, तर तो जन्मभर विमानास एका अंगावर ओढीत राहतो. ही गोष्ट मुलांच्या वळणासहि लागू आहे, हें मीं त्यास सांगितलें.

सांगाड्यावर कापड चढवावयाचें काम मात्र अडलें होतें. मूळ विमानांत लिननचें कापड प्रत्येक फासळीस दोऱ्यानें शिवून, टांक्यांवर पट्टी चिकटवून, वर 'डोप' नांवाचें रोगण देत. त्यानें कापड आवळून ढोलासारखें ताठ होतें. विलायतेंतील कारखान्यांतून हें शिवण महायुद्धाच्या काळांत बहुतेक बायकाच करीत. आमच्या कुटुंबानें तें काम पाहिलें, चष्मा चढविला, आणि जन्मभर गोधड्या शिवलेल्या हातांनीं तें अंगावर घेतलें. चोवीस दिवस दुपारचें जेवण झालें कीं सासू-सुना पंखाच्या दोहों बाजूंस बसत. एक सुई वरून खालीं घाली, दुसरी खालून वर पाठवी. ज्या सूनबाईनें माझ्याकडे तक्रार केली होती, तीच आतां टांक्यांमधील अंतर पट्टीनें मोजूं लागली. पुतण्या कचेरींतून आला कीं सायंकाळीं रोगण देई. शेवटीं युद्धकाळांतील तो हिरवट तपकिरी रंग चढला, आणि मोटारीच्या कोठडींत खरेंच १९१८ सालचें कांहीं तरी उभें राहिलें.

बाकीचें सामान आजच्या काळाचें. नाकांत साठ घन सेंटिमीटरचें पेट्रोलचें इंजिन. सुकाणू, शेपटीचीं आडवीं पाळीं आणि पंखांच्या कडांचीं पाळीं हलविण्यास निरनिराळे विजेचे सर्व्हो. आणि जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातांत बिनतारी संदेश पाठविणारी पेटी. कायदाहि कडक आहे. २०१९ पासून त्या देशांत असें विमान उडविणाऱ्यास नांव नोंदवावें लागतें, परीक्षा द्यावी लागते, आणि विमानावर नोंदणीचा क्रमांक घालावा लागतो. पंचवीस किलोंहून जड विमानास तर स्वतंत्र तपासणी व परवानगी लागते. खेळणें म्हणून कोणी त्याकडे पाहत नाहीं. चौदा किलोंची वस्तु ताशीं साठ मैलांनीं जात असतां तिला खेळणें म्हणणेंहि धाडसाचेंच.

पहिलीं तीन उड्डाणें पुतण्याच्या मंडळाच्या शेतांत, निवांत संध्याकाळीं, निर्वेध झालीं. चौथें ओल्ड वॉर्डनला व्हावयाचें होतें. त्या दिवशीं तें कुरण लहान विमानें बांधणाऱ्या हौशी लोकांस मोकळें केलेलें होतें. दोरीच्या अलीकडे शेंकडों माणसें, मुलें, कुत्रीं, चहाच्या बाटल्या. पलीकडे गवतावर ओळीनें मांडलेलीं तऱ्हेतऱ्हेचीं विमानें. आम्ही पोळी-भाजीचा डबा घेऊन सकाळींच जागा धरली. परंतु दुपारभर पश्चिमेकडून आडवा वारा वाहत राहिला. दोनदां पुतण्याचा क्रम आला, आणि दोन्ही वेळां त्यानें नको म्हणून सांगितलें. इतर विमानें उडत होतीं. नात रडकुंडीस आली. मला मात्र त्याच्या त्या नकाराचें फार समाधान वाटलें. शेंकडों लोकांपुढें 'आतां नाहीं' म्हणावयास जें बळ लागतें, तें पुष्कळांच्या अंगीं नसतें.

साडेसहाच्या सुमारास वारा पडला. झाडांच्या सावल्या कुरणावर लांबल्या. इंजिन सुरू झालें, विमान गवतावरून डुलत डुलत वाऱ्याकडे तोंड करून उभें राहिलें, आणि वेग घेऊन केव्हां उचललें तें कळलेंहि नाहीं. दोन फेऱ्या त्यानें आमच्या डोक्यावरून घातल्या. मावळत्या उन्हांत पंखांचें कापड अर्धपारदर्शक झालें, आणि आंतील फासळी न् फासळी दिसूं लागली. आमच्या कुटुंबानें हळूच म्हटलें, "टांके दिसताहेत." तिसऱ्या फेरीस विमान कुरणाच्या टोंकाशीं दीडशें फुटांवर वळत असतां इंजिनाचा आवाज एकाएकीं तुटला.

जनसमुदाय असा गप्प झालेला मीं क्वचितच पाहिला आहे. इंजिन बंद पडलें कीं नवशिका दोन गोष्टी करतो, आणि दोन्ही घातक: विमान मागें फिरवतो, किंवा उंची टिकविण्यासाठीं नाक वर ओढतो. दुहेरी पंख, दांडे आणि तारा असलेल्या विमानास हवेचा अडथळा फार. वेग क्षणांत संपतो, आणि वेग संपला कीं पंख हवा सोडतात. अशा वेळीं नाक खालीं करून उंची विकावयाची व वेग विकत घ्यावयाचा, आणि समोर जी जमीन असेल तीच आपली मानावयाची, हा एकच मार्ग. पुतण्याचा चेहरा मला बाजूनें दिसत होता. ओंठ घट्ट मिटलेले, अंगठे अगदीं स्थिर. विमानाचें नाक खालीं झालें. तें सरळ खालीं येऊं लागलें. शेवटच्या क्षणीं नाक किंचित उचललें गेलें, आणि कापलेल्या पट्टीच्या पलीकडील उंच गवतांत चाकें टेकलीं. गवतानें चाकें धरलीं. शेपटी वर उठली. विमान नाकावर उभें राहिलें. तसेंच पुढें कलंडून तें उलटें होणार, आणि वरच्या पंखांतून निघालेलें तें चिमुकलें शिर जमिनीखालीं चिरडणार, असें वाटलें. क्षणभर तें तसेंच तोललें, आणि मग शेपटी सावकाश मागें खालीं आली.

लांकडी पंख्याचे दोन तुकडे झाले होते. बाकी कोठें ओरखडाहि नव्हता. नात धांवत गेली ती सरळ बाहुल्याकडे. आमच्या कुटुंबानें दोरीपाशींच विचारलें, "मान शाबूत आहे ना त्याची?" होती. पेट्रोलच्या टांकींत हवा जाण्याची बारीक नळी कापडाच्या कडेखालीं दबली होती, एवढेंच कारण निघालें. शेजारच्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थानें आपल्या पेटींतून त्याच मापाचा पंखा काढून दिला, आणि पैसे घेण्याचें साफ नाकारलें. हें विमान कोणाच्या स्मरणार्थ आहे, असें त्यानें विचारलें, तेव्हां पुतण्यानें वेलिणकरांचें नांव सांगितलें. त्या गृहस्थास तें उच्चारतां येईना. त्यानें खिशांतून टिपणवही काढून दिली, आणि तींत तें नांव रोमन अक्षरांत मींच शुद्ध लिहून दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या नव्या पंख्यावर विमानानें सात मिनिटें निर्विघ्न उड्डाण केलें.

विलायतेस जाणाऱ्या मंडळींस माझी एवढीच सूचना आहे कीं, लंडनचे राजवाडे पाहून झाल्यावर एक दिवस ओल्ड वॉर्डनसाठीं राखून ठेवावा. शक्य तर उड्डाणाचा दिवस पाहून जावें, आणि संध्याकाळपर्यंत थांबावें. कारण सर्वांत जुनीं विमानें वारा पडल्यावरच बाहेर येतात. मुलें बरोबर असतील तर त्यांस इंजिनाचा भाग दाखवावा, आणि एरंडेलाची गोष्ट सांगावी. घरीं असणाऱ्या मुलांस बाल्साची एक पट्टी व थोडा सरस आणून द्यावा. हात वळले कीं डोकेंहि वळतें, हा माझा छत्तीस वर्षांच्या शिक्षकीचा अनुभव आहे.

पाणिनीचा तो 'क' मात्र माझ्या मनांतून गेला नाहीं. प्रतिकृतीस 'क' लागतो, हें वर आलेंच. परंतु ज्या मूर्तीवर पुजाऱ्याचा चरितार्थ चालतो, पण जी विकावयाची नसते, तिच्या नांवांतून तो गळतो. शिवाची ती मूर्ति 'शिवक' नव्हे, 'शिव'च. पुतण्याचें डॉल्फिन विकावयाचें नाहीं, ही अर्धी अट पुरी होते. चरितार्थाची अट पुरी होत नाहीं. उलट त्यानें घराचे पैसे खर्चच केले आहेत. तेव्हां नियमानें तें 'विमानक'च राहील. सूनबाईस मीं हें समजावून सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "काका, नांव कांहीं असो. पुढच्या हिवाळ्यांत मोटार आंत येईल ना, तेवढें विचारा." मीं विचारलें. पुढच्या वर्षीं तें विमान घेऊन फ्रान्समध्यें हांगारला जावयाचें, समाधीपाशीं क्षणभर उभें राहावयाचें, आणि मगच त्यास छताला टांगावयाचें, असा बेत आहे. मोटार त्यानंतर आंत येईल.